मास्तरांचा आनंदा आणि अण्णा भाऊंचा फकिरा

गेल्या महिन्यात ‘बनगरवाडी’ (१९५५) आणि ‘फकिरा’ (१९५९) या कादंबऱ्या मी लागोपाठ पुन्हा वाचल्या. व्यंकटेश माडगूळकरांचे माडगूळे आणि अण्णा भाऊ साठे यांचे वाटेगाव ही दोन्ही गावे आजच्या सांगली जिल्ह्यातलीच. दोन्ही कादंबऱ्यांत चोरी किंवा लूट करणारा माणूस आहे आणि दोघांवरही आपला जीव जडतो, मात्र त्याची कारणे निराळी आहेत.

‘बनगरवाडी’तला आनंदा रामोशी आपल्याला भेटतो तो गोष्ट सांगणाऱ्या मास्तरांच्या नजरेतून. माडगूळकर ब्राह्मण घरात जन्मले, माणदेशाच्या दुष्काळी मुलखात वाढले आणि कोवळ्या वयात त्यांनी स्वतः शाळामास्तरकी केली. त्यामुळे धनगरांच्या वाडीची गोष्ट सांगण्यासाठी त्यांनी बाहेरून आलेला तरुण शिक्षकच निवडला. मास्तरांना जेवढे दिसले आणि लोकांनी विश्वासाने जेवढे सांगितले, तेवढेच ते लिहितात. आनंदाच्या मनात शिरल्याचा दावा ते करीत नाहीत. हा संयम मला फार मोलाचा वाटतो.

अण्णा भाऊंना असा मध्यस्थ लागत नाही. मांग समाजात जन्मलेल्या या लेखकाला सरकारी हजेरीची, म्हणजे इंग्रज सरकारने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या माणसांना द्याव्या लागणाऱ्या हजेरीची, मानहानी समजावून घ्यावी लागली नाही. म्हणूनच दुष्काळात उपाशी माणसांसाठी केलेली लूट ‘फकिरा’त गुन्हा म्हणून येतच नाही, ती घरच्या कर्त्या माणसाची जबाबदारी म्हणून येते. ही कादंबरी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केलेली आहे, हेही इथे आठवते.

हे सारे मला जवळचे वाटण्याचे कारण माझी एक अडलेली कथा आहे. ऊसतोड करणाऱ्या एका बाईच्या तोंडून ती मी लिहीत होतो. ‘कोयता’ म्हणजे नवराबायकोची जोडी आणि ‘उचल’ म्हणजे मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम, हे ती बाई वाचकाला समजावून सांगू लागली, तेव्हा माझ्या ध्यानात आले की बोलणारी ती नव्हतीच, मी होतो. जी माणसे या शब्दांतच जगतात, ती त्यांचा अर्थ सांगत बसत नाहीत.

माझे वडील साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर कारकून होते. रात्री उशिरा रांगेत उभ्या असलेल्या बैलगाड्या, उसावर निजलेली मुले आणि वजनाच्या आकड्याकडे एकटक पाहणारी बाई मी त्यांच्या खिडकीतून पाहिलेली आहे. आता ती कथा मी त्या खिडकीतूनच पुन्हा लिहायला घेतली आहे.