तुम्ही विचारलंत म्हणून: उडत्या तबकड्यांचे गुपित आणि रात्रीची लाइन

"सर, अमेरिकेने उडत्या तबकड्यांचे गुपित खरोखर उघड केले, तर त्या यानांमागच्या अमर्याद ऊर्जेमुळे कोळसा जाळायची गरज संपेल का?" हा प्रश्न मला पानठेल्यावर, धानाच्या बांधावर, लग्नाच्या मांडवातही विचारला जातो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या आमच्या सिंदेवाही तालुक्यात तो विचारला जाणे स्वाभाविकच आहे. 2 एप्रिल 2022 रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, आमच्या आभाळातून जळते गोळे रांगेने गेले आणि लाडबोरी गावात धातूचे एक भले मोठे कडे पडले. ते कडे मी पाहिले आहे. काळपट पडलेल्या त्या कड्याच्या आत उंच माणूससुद्धा सहज आडवा झोपला असता.

त्या रात्री गावात परग्रहाचीच चर्चा होती. मात्र अवकाशातल्या वस्तूंच्या भ्रमणाच्या नोंदी सर्वांना खुल्या असल्यामुळे, 2021 च्या फेब्रुवारीत सुटलेल्या चिनी रॉकेटचा तो टप्पा असावा, असे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल लगेच सांगू शकले. म्हणूनच अशा बाबतींत नोंदी खुल्या असाव्यात, असे मला मनापासून वाटते.

आता अमेरिकेचे. 26 जुलै 2023 रोजी तिथल्या संसदीय समितीपुढे डेव्हिड ग्रश या माजी गुप्तचर अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले, की कोसळलेली परकी याने सरकारने लपवून ठेवली आहेत. परंतु ही माहिती त्यांनी इतरांकडून ऐकलेली होती. मार्च 2024 मध्ये संरक्षण खात्याच्या चौकशी कार्यालयाने, परग्रहावरील तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा मिळाला नसल्याचा अहवाल दिला. मला तो अहवाल पटतो. तरीही जे कागद उरले असतील तेही खुले व्हावेत, असेच मी म्हणेन.

समजा, त्या कागदांत खरोखर एखादी अमर्याद ऊर्जा निघाली. ती आपल्या बांधापर्यंत यायला किती काळ लागेल? सौरघट 1954 साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने जगासमोर मांडला, तेव्हा तो उन्हातली सुमारे सहा टक्के ऊर्जा विजेत बदलत होता. त्यात गुपित काही नव्हते, तरी आमच्या शिवारात सौरपंप दिसायला साठ वर्षांहून अधिक काळ गेला. अणुसंमीलनाचे, म्हणजे हलक्या अणूंची केंद्रे एकत्र जोडून ऊर्जा मिळवण्याचेही तसेच आहे. 5 डिसेंबर 2022 रोजी कॅलिफोर्नियातल्या प्रयोगात 2.05 मेगाज्यूल लेझर-ऊर्जेतून 3.15 मेगाज्यूल ऊर्जा मिळाली, पण ते लेझर चालवायलाच सुमारे 300 मेगाज्यूल वीज खर्च झाली होती.

शिवाय वीज निर्माण होणे आणि ती मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॅट आहे. तिथला कोळसा आमचा, राख आमच्या हवेत, आणि त्याच जिल्ह्यातला शेतकरी पंपाला लागणारी थ्री फेजची लाइन रात्री येते म्हणून एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात काठी घेऊन स्टार्टरच्या पेटीपर्यंत जातो, कारण पेटीमागे साप असतो आणि नाल्यापलीकडे वाघ. त्याच्या घरचे लोक तो परत येईपर्यंत जागे असतात. ही विषमता आभाळातून आलेले कोणतेही यंत्र आपोआप मिटवणार नाही. ते यंत्र कोणाच्या ताब्यात असेल, त्यावर सारे ठरेल.

आणि पाण्याचे काय? माझ्या बहिणीचे सासर वरुडचे. संत्र्याच्या त्या पट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला आहे की विहिरी आटल्या आणि बोअर खोल खोल गेले. तिथे उद्या फुकट आणि अखंड वीज आली, तर उरलेले पाणी आणखी लवकर संपेल. ऊर्जा स्वच्छ असली म्हणून तिचा वापर शाश्वत ठरत नाही, हे मी पोरांनाही वारंवार सांगतो.

परवा हाच प्रश्न घेऊन आलेल्या शेजाऱ्याला मी हे सारे सांगितले आणि मग आम्ही दोघांनी बसून सौर कृषिपंपाचा अर्ज भरला. त्याला किमतीच्या दहा टक्के भरावे लागतील, पण ओलित दिवसा होईल. बोडीतला, म्हणजे शेताजवळच्या छोट्या तळ्यातला, गाळ या उन्हाळ्यात काढायचे त्याने कबूल केले आहे. ट्रॅक्टर माझा राहील.