टनाला ३६६

"सात चोक किती?"

ती मान खाली घालून बसली. शेजारचा पोरगा म्हणाला, "ताई, तिला पाढे येत नाहीत. ती आई-बापासंग ऊस तोडायला साखर कारखान्याला गेलती."

धारूर तालुक्यातलं उन्हाळी शिबिर. माझी पहिलीच इंटर्नशिप. पत्र्याच्या वर्गात सकाळी दहालाच भट्टी पेटते.

मी पाढ्यांचा तक्ता बाजूला ठेवला. विचारलं, तोडणीचा भाव काय होता गं?

"टनाला तीनशे सहासष्ट."

तीन टनांचे?

"साडेतीनशे तिरीक साडेदहाशे. वरचे सोळा तिरीक अठ्ठेचाळीस. हजार अठ्ठ्याण्णव." बोटंसुद्धा मोजली नाहीत. मग हळूच म्हणाली, "मुकादम कमी लावतो ना, म्हनून मी मनात धरते. पप्पाला सांगते."

चौथीतली पोर!

२०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, तेव्हा आम्ही ती बातमी वाचून सोडून दिली. हिने त्यावर घरचा हिशेब धरला. दिवाळीच्या सुमारास बीडमधून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात त्या मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. ज्या गावांत हंगामी वसतिगृह चालतं तिथली पोरं मागे राहतात. हिला मात्र धाकट्या भावाला सांभाळायला जावंच लागतं. फडाजवळच्या कोपीपुढे, म्हणजे झोपडीपुढे, भाऊ कडेवर आणि डोक्यात टनांचा हिशेब.

तिच्यासाठी आता रोज मोळ्यांची, टनांची, उचलीची (आगाऊ घेतलेल्या पैशांची) गणितं काढते. पाढेही त्यातूनच येतील, खात्री आहे.

पण शिबिराच्या तक्त्यात एकच रकाना आहे: 'पाढे येतात / येत नाहीत'. शिक्षक मित्रांनो, तुम्ही तिच्या नावापुढे काय लिहिलं असतं?