थप्पी

आईला ब्रिस्टलला येऊन तीन आठवडे झाले होते आणि दाखवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही उरलं नव्हतं. पूल झाला, बोट झाली, बाथची रोमन न्हाणीघरं झाली. शेवटी एका शनिवारी तिला गाडीत बसवलं आणि चेडरला नेलं.

"चीजचं गाव आहे," मी म्हटलं.

"नागपूर संत्र्यांचं, तसं?"

तसं म्हणावं तर तसं नाही. नागपुरी संत्रं म्हटलं की नागपूर आठवतं. चेडर म्हटलं की आठवतो सुपरमार्केटातला प्लास्टिकबंद ठोकळा, आणि तो कॅनडातलाही असू शकतो, न्यूझीलंडमधलाही. नुसत्या 'चेडर' नावावर गावाचा काही हक्क नाही. कायद्याचं कुंपण आहे ते 'वेस्ट कंट्री फार्महाउस चेडर' या लांबलचक नावाला, आणि तेही चार परगण्यांत मिळून. खुद्द चेडर गावात चीज करणारा कारखाना आता एकच उरलाय. 1170 साली इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या हिशेबात 10,240 पौंड चेडरची खरेदी नोंदलेली आहे. म्हणजे आपल्याकडे ज्ञानेश्वर जन्मायच्या शंभर वर्षं आधी.

कारखान्यात काचेतून काम बघता येतं. आईनं काचेला नाक लावलं. पलीकडे लांबलचक टाकी, पांढऱ्या टोप्या, गमबूट. दुधात विरजण घालायचं, रेनेटनं ते जमवायचं, सुऱ्यांनी कापायचं, ढवळत चाळीसेक अंशांपर्यंत गरम करायचं आणि पाणी सोडून द्यायचं. (रेनेट म्हणजे मुळात वासराच्या पोटातला पदार्थ, हे मी तिला घरीच सांगितलं होतं. आता बरीच चीजं त्याच्याशिवाय होतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, हेही. तरी पाकीट तिनं स्वतः वाचलं.)

"चक्का," आई म्हणाली. तिच्या लेखी विषय संपला होता. आता साखर आणि वेलदोडा.

पण ही माणसं थांबेनात. टाकीच्या तळाशी बसलेल्या चक्क्याच्या त्यांनी उशीएवढ्या वड्या पाडल्या आणि एकीवर एक रचल्या. थोड्या वेळानं खालची वर, वरची खाली. पुन्हा रचल्या. पुन्हा उलटल्या. स्वतःच्याच वजनानं वड्या चपट्या होत जातात, उरलंसुरलं पाणी निथळतं, आंबटपणा चढतो आणि भुसभुशीत चक्क्याला पदर सुटायला लागतात. या थप्पी लावण्यालाच इंग्रजीत 'चेडरिंग' म्हणतात. गावाचं नाव आधी चीजला लागलं, मग थेट क्रियापद झालं. असं भाग्य आपल्या कुठल्या गावाला मिळालंय, मला आठवेना.

मग वड्यांचा चुरा, चुऱ्यात मीठ, साच्यात दाब. बाहेर निघालेल्या लठ्ठ चिजेला मलमलीचं कापड गुंडाळतात.

"ही तर गुळाची ढेप!" कोल्हापूरकरणीचा चेहरा एकदम उजळला. कापड चिकटायला परंपरेनं डुकराची चरबी लावतात, हे मी त्या क्षणी गिळून टाकलं.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ हार्डिंग नावाच्या, इथल्याच सॉमरसेट परगण्यातल्या शेतकऱ्यानं या सगळ्याला शिस्त लावली: तापमान मोजा, भांडी घासा. चीज कुरणात होत नाही, गोठ्यात होत नाही, गाईतही होत नाही, ते होतं दुग्धशाळेत, असं त्याचं म्हणणं. आईला हे मुळीच पटलं नाही. "गाईत नाही म्हणे! मग पाण्याचं करून दाखव म्हणावं."

पुढे गावालगतच्या घळीतल्या गुहेत गेलो. 1903 साली इथे दहाएक हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला. आणि त्याच गुहेत फळ्यांवर ढेपा मुरत ठेवलेल्या. आत बारा महिने गारवा आणि ओल सारखीच. आई बराच वेळ उभी राहिली. "आपल्याकडे चक्का दुपारपर्यंत ठेवला तरी आंबतो," ती म्हणाली. "म्हणून आपण तूप करतो." उन्हाळ्यातलं जास्तीचं दूध हिवाळ्यापर्यंत टिकवायचं, एवढाच तर इथल्या बायकांपुढे प्रश्न होता. त्यांच्याकडे गुहा होती, आमच्याकडे कढई.

दीड वर्ष मुरलेला तुकडा विकत घेतला. घरी आईनं चाखला, चावता चावता थबकली. "खडा आला."

खडा नव्हे, जुन्या चेडरमध्ये कॅल्शियम लॅक्टेटचे बारीक स्फटिक धरतात, जाणकार त्यासाठी जास्त पैसे मोजतात, वगैरे मी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि पुढचा तुकडा उजेडात धरून नीट तपासून मगच तोंडात टाकला. पण टाकला.

दुसऱ्या दिवशी तिनं श्रीखंडासाठी दही स्वयंपाकघरातल्या नळाला टांगलं. पुरचुंडीकडे बघत म्हणाली, "हे दीड वर्ष असंच ठेवलं तर गं?"

"तर शेजारी पोलीस बोलावतील."

"आधी घरमालक," आई म्हणाली आणि पुरचुंडीला आणखी एक पीळ दिला.