सातवी पौर्णिमा, सातवं गाणं

गुरुपौर्णिमेला रात्री साडेदहाला हेडफोन चढवले, ते उतरवले तेव्हा पाऊण वाजला होता. गाणं जेमतेम पाच मिनिटांचं, 'सो मच'. वहीची चार पानं भरली.

मागच्या नोंदी न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो: दर पौर्णिमेला मी 'आय/ओ' या अल्बममधलं एक गाणं ऐकतो आणि नोंद लिहितो. इंग्लिश गायक पीटर गेब्रिएलचा 'अप' हा अल्बम 2002 साली आला आणि त्यानंतर स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम थेट 1 डिसेंबर 2023 ला, 'आय/ओ'. मधल्या एकवीस वर्षांत दौरे झाले, 2010 मध्ये दुसऱ्यांची गाणी झाली, 2011 मध्ये आपलीच जुनी गाणी ऑर्केस्ट्राबरोबर झाली. नवं काही येईना. मग 2023 उजाडलं आणि दर पौर्णिमेला एक गाणं यायला लागलं. पहिलं 6 जानेवारीला, बारावं 27 नोव्हेंबरला. अकरा महिन्यांत बारा गाणी कशी बसली, हे आपल्या पंचांगात लगेच कळतं: त्या वर्षी अधिक श्रावण होता, ऑगस्टमध्ये दोन पौर्णिमा आल्या. मी कालनिर्णय काढून सगळ्या तारखा लावून बघितल्या. 'अँड स्टिल' हे आईसाठीचं गाणं कोजागरीला आलं होतं. हे कळल्यावर मी ते गाणं वेळेआधी ऐकायचं नाही असं ठरवलंय. कोजागरीलाच ऐकणार.

आपल्यासारख्या घरी मिक्सिंग (वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज जुळवून गाणं तयार करणं) करणाऱ्यांसाठी खरा खजिना पुढे आहे. प्रत्येक गाण्याची दोन पूर्ण मिक्स आहेत. 'ब्राइट-साइड' स्पाइक स्टेंटचं, 'डार्क-साइड' चॅड ब्लेकचं. (हान्स-मार्टिन बफचं तिसरं, चहूबाजूंनी ऐकू येणाऱ्या डॉल्बी ॲटमॉसमधलं, ऐकायची सोय माझ्याकडे नाही.) टोनी लेव्हिनचा बेस, मनू काचेचे ड्रम, डेव्हिड ऱ्होड्सची गिटार, सगळी माणसं तीच. निर्णय तेवढे वेगळे. गेब्रिएलच्या मते स्टेंट चित्रकार आणि ब्लेक शिल्पकार. एकाच गाण्याची दोन्ही मिक्स दोन अशा हातांची, आणि दोन्ही अधिकृत, असं आपल्याला किती वेळा मिळतं?

पौष आणि माघ पौर्णिमेच्या माझ्या नोंदी मी रद्द केल्यात, आणि त्याचं कारण सगळ्यांनी लक्षात ठेवावं. दोन्ही सीडींवरून ट्रॅक काढले, रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी-शेजारी टाकले आणि तसेच ऐकत बसलो. आवाजाची पातळी जुळवलीच नव्हती. जे जरा मोठं वाजतं ते कानाला चांगलंच वाटतं. 'पॅनॉप्टिकॉम' आणि 'द कोर्ट' या दोन्हींबद्दल मी जे काही ठामपणे लिहिलं, ते मिक्सबद्दल नव्हतंच, ते फक्त मोठ्या आवाजाबद्दल होतं. फाल्गुनापासून आधी लाउडनेस मोजतो, मोठा ट्रॅक खाली आणतो, मगच वही उघडतो.

'फोर काइंड्स ऑफ हॉर्सेस'नं मला सगळ्यात जास्त शिकवलं. वैशाखात त्यावर तीन रात्री गेल्या. 'डार्क-साइड'मध्ये ताल माझ्या कानाला जवळचा आणि खरबरीत लागतो, आणि गायक त्या खरबरीतपणाच्या आत उभा असतो. 'ब्राइट-साइड'मध्ये प्रत्येक वाद्याला आपापली जागा आहे, मधून वारा खेळतो. 'रोड टू जॉय'चं पटकन झालं. तिथं मी फक्त बेस धरून बसलो आणि खूश झालो.

'सो मच'मध्ये ऐकण्यासारखा आहे तो गायकाचा आवाज. सत्तरी ओलांडलेल्या माणसाचा गळा आहे हा. त्यातलं म्हातारपण, श्वासाची किनार, कुठेही पुसलेली नाही. 'सो मच' म्हणजे पुष्कळ आणि 'सो मच' म्हणजे एवढंच, अशा दोन अर्थांवर गाणं उभं आहे, आणि ती किनार गेली असती तर दुसरा अर्थही गेला असता, असं मला मनापासून वाटतं.

त्यावरून माझ्या गाण्याकडे. (तेच, मित्रानं गायलेलं, दहा बाय दहाच्या खोलीत रेकॉर्ड केलेलं.) त्याच्या आवाजावर मी रिव्हर्ब (आवाज घुमल्याचा कृत्रिम परिणाम) एवढा चढवला होता की दुसऱ्या कडव्यात शब्दांची शेपटं एकमेकांत अडकत होती. रविवारी सगळा रिव्हर्ब काढला. कोरडा आवाज ऐकवेना, पण बंद केला नाही. तासाभरानं त्यात खोलीचा पंखा ऐकू आला, आणि ओळ सुरू व्हायच्या आधी त्यानं गिळलेला आवंढाही. पंखा काढायचाय. आवंढा ठेवलाय. बेसमधला 80 हर्ट्झच्या आसपासचा भाग थोडा कापल्यावर किकलाही (पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमलाही) जागा झाली.

आता याच सत्राची दोन मिक्स करतोय, एक उजळ, एक काळोखी. उजळ झालंय. काळोखीत गिटार कुठे ठेवायची ते सुचत नाहीये. डावीकडे ढकलली की आवाज एकटा पडतो, मध्ये ठेवली की दोघं भांडतात. कुणी असं सोडवलं असेल तर सांगा. नारळी पौर्णिमेला 'ऑलिव्ह ट्री' ऐकायचंय, तोवर मी गिटारलाच हात घालून बसतो.