उजव्या हाताच्या बांगड्या

श्रावण होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरोघर कानबाई, आमच्या खानदेशची देवी, बसली आणि त्याच आठवड्यात साक्री तालुक्यातल्या एक आजी आमच्या धुळ्याच्या एमआरआय सेंटरवर आल्या. उजवा हात सारखा वळवळत होता, मधेच फेकला जात होता, पायाचंही तेच. डावं अंग मात्र शांत. डाव्या मनगटात बांगड्या भरलेल्या, उजव्यात एकच उरलेली. बाकीच्या खाटेच्या माच्यावर आपटून फुटल्या होत्या, मनगटभर ओरखडे होते.

"हात मना शे, पन मनं ऐकस नही," आजी म्हणाल्या.

घरच्यांना वाटलं, अंगात आलं. तीन दिवस त्यातच गेले. कानबाईचे दिवस, त्यांना तरी काय बोलणार! मग एका ठिकाणी सीटी झाला आणि रिपोर्ट आला, मेंदूत रक्तस्राव. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

सीटीची फिल्म मी लाइटबॉक्सवर लावली. डावं पुटामेन, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारा मेंदूच्या आतला एक भाग, पांढरट होतं खरं. पण रक्त साकळलं असतं तर भोवती सूज दिसली असती, शेजारचा भाग ढकलला गेला असता. इथे पुटामेन आपल्याच आकारात, आतून रंग भरावा तसं. सिस्टरना म्हटलं, आधी शुगर बघा. 512! लघवीत कीटोन, म्हणजे इन्सुलिन फार कमी पडलं की चरबीतून तयार होणारे पदार्थ, नाहीत. डायबेटिसच्या गोळ्या दोन महिन्यांपासून बंद.

हलत्या अंगाचा एमआरआय निघत नाही. भूलतज्ज्ञांनी इंजेक्शन दिलं, डोळा लागला आणि तो हात पोटावर निपचित पडला. कोरियाची, म्हणजे अशा आपोआप होणाऱ्या वळवळीची, हालचाल झोपेत थांबते, हे ठाऊक असूनही मी काचेतून त्या हाताकडेच बघत राहिलो. एमआरआयच्या टी-वन नावाच्या चित्रात डावं पुटामेन लख्ख पांढरं. डायबेटिक स्ट्रायटोपथी. वाढलेल्या साखरेने मेंदूच्या डाव्या बाजूच्या याच भागात घोळ घातला होता आणि मेंदूची डावी बाजू उजवं अंग चालवते, म्हणून उजवं अंग नाचत होतं. मुलाला फिल्म दाखवून सांगितलं, "रक्तस्राव नाही. साखर उतरली की हात थांबेल."

फिजिशियननी सलाइन आणि इन्सुलिन सुरू केलं, हालचाल कमी करणारी गोळी दिली. दहाव्या दिवशी हात थांबला.

तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅनला आल्या. पांढरेपणा बराच फिका झाला होता, पुरता गेला नव्हता. आत जाण्याआधी सोन्याच्या पाटल्या काढायच्या होत्या. सून पुढे झाली, तर आजींनी तिला थांबवलं आणि उजव्या हाताने डावी पाटली सावकाश, स्वतःच उतरवली.