फ्युर्त, थ नाही त

रविवार, रात्री साडेबारा

पावसाने आज दोनदा दिवे घालवले. इन्व्हर्टर होता म्हणून सिम्युलेटरवरचं, म्हणजे संगणकावरचं, विमान हवेत राहिलं.

आजची फेरी भाचीमुळे. ती जर्मनीत, नोकरीला एर्लांगनला, राहायला फ्युर्तमध्ये. गेल्या आठवड्यात मी मोठ्या कौतुकाने सांगितलं, की सिम्युलेटरवर तुझ्या न्युरेंबर्गवरून फिरून आलो. तर म्हणते, "मामा, माझं न्युरेंबर्ग नाही, फ्युर्त. आणि थ नाही, त. इथल्या माणसाला न्युरेंबर्गचा म्हटलंस तर पाणीसुद्धा विचारणार नाही तुला." मी मिरजेचा. पुण्यात चाळीस वर्षं लोक "सांगलीचे ना तुम्ही?" असं विचारतात. मुद्दा तिथल्या तिथे पटला.

सेस्ना १७२ हे छोटं विमान घेतलं. तिथे संध्याकाळचे सात, ऊन तिरपं. न्युरेंबर्गच्या विमानतळाला चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररचं नाव दिलंय. भोवताली भाजीची शेतं, त्या पट्ट्याला म्हणतात क्नोब्लाउख्सलांड, म्हणजे लसणाचा मुलूख. डावीकडे वळलो आणि दोन मिनिटांत कैसरबुर्ग किल्ला. त्याचा गोल बुरूज लांबूनच ओळखू येतो. खाली उतरत जाणारी लाल छपरं, मधून पेग्निट्झ नदी, अलीकडे सेबाल्ड चर्चचे दोन मनोरे, पलीकडे लोरेंझचे दोन. तटबंदी बरीचशी शाबूत आहे, तिच्या कडेकडेने तीन प्रदक्षिणा घातल्या. छपरं मात्र माझ्या आईपेक्षा तरुण. २ जानेवारी १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जुनं गाव जवळजवळ पूर्ण पडलं, नंतर पुष्कळसं जुन्याच गल्ल्या धरून उभं केलं.

याच गावात मार्टिन बेहाइमने १४९२ ते १४९४ मध्ये पृथ्वीचा गोल करवून घेतला. आज शिल्लक असलेल्या गोलांत तो सर्वांत जुना, आणि त्यावर अमेरिका नाही. माझ्या सिम्युलेटरच्या पृथ्वीवर अमेरिका आहे, पण झाडं फ्लॉवरच्या गड्ड्यांसारखी. बेहाइमला नावं ठेवायची सोय नाही.

आग्नेयेला तळ्याकाठी नाझींचं अर्धवट राहिलेलं सभागृह आहे, घोड्याच्या नालेसारखं. ते लांबूनच पाहिलं. आज जायचं होतं पश्चिमेला.

फ्युर्तर श्ट्रासे, म्हणजे सरळ फ्युर्तचा रस्ता. उजव्या हाताला न्यायालयाची लांबलचक इमारत, हिच्याच ६०० नंबरच्या दालनात नोव्हेंबर १९४५ मध्ये नाझी पुढाऱ्यांवरचा खटला सुरू झाला. याच रस्त्याच्या कडेने ७ डिसेंबर १८३५ ला जर्मनीतली पहिली वाफेची प्रवासी गाडी धावली, न्युरेंबर्ग ते फ्युर्त, जेमतेम सहा किलोमीटर. इंजिन 'आडलर' इंग्लंडहून आणलेलं, चालक विल्यम विल्सनही तिकडचाच. पुढे कोळसा महाग पडायचा म्हणून बऱ्याचशा फेऱ्या घोडेच ओढायचे. हे वाचून मला फार बरं वाटलं. मी हे अंतर दोन मिनिटांत कापलं आणि फ्युर्त मागे टाकूनही गेलो. परत वळावं लागलं. दोन गावांमध्ये वरून कुठे शिवण म्हणून दिसत नाही, घराला घर लागलेलं.

पण शिवण होती, चांगली जाड. १४९९ मध्ये न्युरेंबर्गने ज्यूंना गावाबाहेर घातलं आणि १८५० पर्यंत पुन्हा राहू दिलं नाही. फ्युर्तने १५२८ पासून जागा दिली. तिथे त्यांच्या पाठशाळा झाल्या, हिब्रू छापखाने झाले. मोठ्या गावाने नाकारलं ते धाकट्याने घरात घेतलं आणि त्यावर मोठंही झालं. पुढे अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेल्या हेन्री किसिंजरचा जन्म इथलाच, १९२३ चा. पंधरा वर्षांचे असताना, १९३८ मध्ये, कुटुंबासह देश सोडावा लागला. भाचीच्या तोऱ्यामागे एवढं सगळं आहे हे तिला तरी ठाऊक आहे का, विचारायला हवं.

टाउन हॉलचा मनोरा फ्लॉरेन्समधल्या पलाझ्झो व्हेक्कियोच्या धर्तीवर बांधलाय. बव्हेरियात मधेच इटली, गंमतच. त्याच्या वायव्येला पेग्निट्झ आणि रेडनिट्झ मिळतात आणि पुढे नाव होतं रेग्निट्झ. आपल्याकडे वारणा मिळाली तरी कृष्णा कृष्णाच राहते. हरिपूरच्या संगमावर लहानपणी पाय बुडवून बसायचो, ते आठवून उगाच दोन घिरट्या जास्त घातल्या. तेवढ्यात ऊन उतरलं.

उतरताना विमान दोनदा उसळलं. नोंद असावी म्हणून लिहितो, भाचीला सांगितलेलं नाही.

मेसेज होता तिचा: "घर दिसलं का आमचं?" दिसलं होतं. भिंती मेणासारख्या वितळलेल्या, खिडक्या तिरक्या, पण कोपऱ्यावरची इमारत तीच. तिला लिहिलं, दिसलं. बाल्कनीतली तुळस तेवढी नव्हती.