व्हायवात केटी लागली त्याची गोष्ट

कॉम्प्युटरचा लेखी पेपर सुटला पण व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, केटी (नापास, पुन्हा द्यायची), असं आमच्या बॅचमध्ये माझं एकटीचंच झालं. पाठांतर चांगलं आहे माझं, तेच नडलं. रॅम, डीएनएस, डीएचसीपी, सगळ्याचे फुलफॉर्म तोंडपाठ. परीक्षा घ्यायला बाहेरून आलेले सर एकदम शांत माणूस, फुलफॉर्म वगैरे काही विचारलंच नाही, म्हणाले रॅम 8 जीबी, हार्डडिस्क 500 जीबी, मग एवढी मोठी डिस्क असताना रॅम हवीच कशाला? मी म्हटलं टेम्पररी मेमरी. "टेम्पररी आहे तर मग काढून टाकूया?" मी गप्प. मग क्लाउड. मी म्हटलं इंटरनेटवर डेटा ठेवतात. "ठेवतात म्हणजे कुठे?" आणि देवाशप्पथ सांगते, माझा हात वर गेला, थेट पंख्याकडे.

मे महिन्यात घरी सगळे आंब्याच्या पेट्या भरण्यात, आणि मी मामाच्या ओळखीने देवगडातल्या एका कॉम्प्युटर रिपेअरिंगच्या दुकानात जायला लागले. पगार नाही, दोन वेळचा चहा.

पहिल्याच दिवशी एक पीसी आला, स्क्रीन काळी आणि नुसतं बीप बीप. मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन पुढे, तर दुकानवाले दादा ओरडले, "आदी वायर काड गो, मगे कॅबिनेटच्या पत्र्याक हात लाव." अंगातली स्टॅटिक वीज पत्र्यात उतरते, नाहीतर चिप जाऊ शकते. रॅमची पट्टी काढली तर खालच्या सोनेरी पट्ट्यांवर मळकट थर. "ह्या काम खाऱ्या वाऱ्याचा." मग त्यांनी ड्रॉवरमधून काय काढावं, शाळेतलं खोडरबर! हलक्या हाताने घासलं, ब्रशने कण झटकले, पट्टी परत दाबली, दोन्ही बाजूंनी टक टक, आणि पीसी चालू. मी दोन सेमिस्टर हार्डवेअर शिकले, हे कुणी सांगितलं नव्हतं.

रॅम हवी कशाला ते मात्र लाईटनेच शिकवलं. एका बागायतदाराचं बिल टाईप करत होते, सेव्ह केलं नव्हतं, लाईट गेली, बिल गेलं. डिस्कवरचं मात्र सगळं जागेवर. दादा म्हणाले हार्डडिस्कमधली तबकडी मिनिटाला 5400 नाहीतर 7200 वेळा फिरते, तरी प्रोसेसरला ती मुंगीच्या चालीची, म्हणून लागेल तेवढंच उचलून रॅममध्ये आणून ठेवायचं. म्हणजे आईच्या फळीवरचे मोठे डबे आणि हाताशी असलेला मसाल्याचा डबा, फक्त लाईट गेली की मसाल्याचा डबा रिकामा होतो.

आणि एक काका रोज यायचे, नेट चालत नाही म्हणून. नेट चालू होतं हो! पीसीची तारीख मागे जाऊन 2009 झालेली, त्यामुळे ब्राऊझर कुठल्याच वेबसाईटचं सर्टिफिकेट (खरेपणाचा, मुदतीचा दाखला) मानत नव्हता. मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल, तो नाण्यासारखा 3 व्होल्टचा, बदलला, तारीख नीट लावली, नेट आलं.

नेटवर्किंगमध्ये, केबलच्या आठ तारा क्रमाने लावून टोकाला कनेक्टर दाबून बसवताना (क्रिंप), माझे पाच कनेक्टर फुकट गेले. पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राऊन, ब्राऊन, हे आरतीसारखं म्हणत क्रिंप करायचे तरी निळा आणि हिरवा उलटे व्हायचे. आयपी, म्हणजे पीसीचा नेटवर्कवरचा पत्ता, 169.254 ने सुरू होत असेल तर राऊटरच्या डीएचसीपीकडून (पत्ते वाटणाऱ्या सोयीकडून) पत्ता मिळालेला नाही, आधी केबल बघायची, हे तिथेच कळलं. आणि 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 एमबी नव्हे, साडेबारा, कारण एमबीपीएसमधला बी बिटचा, आणि 8 बिटचा एक बाईट, हे तर मी गिऱ्हाईकांना समजावून समजावून थकले.

क्लाउड, म्हणजे दुसऱ्याचे कॉम्प्युटर नेटवरून वापरायचे, त्याच्या तीन प्रकारांसाठी दादांनी लग्नाचं जेवण काढलं. वाडीची भांडी नि मांडव भाड्याने आणून रांधायचं आपणच, ते आयएएएस, नुसती यंत्रं भाड्याने. भांडी, चूल, वाढपी सगळं त्यांचं, तुम्ही फक्त तुमचा पदार्थ करायचा, ते पीएएएस, प्रोग्राम तेवढा आपला. आणि सरळ पंगतीला बसून जेवायचं, जीमेलसारखं, ते एसएएएस, सगळं तयार. मला पटलं, कारण 2021 च्या तौक्ते वादळात आमच्या घरातला पीसी भिजून डिस्क गेली, लहानपणीचे फोटो गेले, पण मोबाईलवरचे नव्या फोनवर लॉगिन करताच परत आले, म्हणजे ते कुठेतरी कोरड्या जागी होतेच की.

पुन्हा व्हायवा, तेच सर. "नेट बंद पडलं तर लॅबचा प्रिंटर चालेल?" म्हटलं चालेल सर, प्रिंटर आणि पीसी एकाच लॅनवर, म्हणजे लॅबच्या आतल्याच नेटवर्कवर असतील आणि त्यांना जोडणारा स्विच चालू असेल तर, बाहेर जायची गरजच नाही. मग रॅम, मसाल्याच्या डब्यासकट. सर हसले नाहीत, पण लिहिलं काहीतरी.

शेवटी क्लाउड. "डेटा कुठे असतो?" म्हटलं डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्याच्या खऱ्याखुऱ्या डिस्कवर, अ‍ॅमेझॉनचं मुंबई रीजन 2016 पासून आहे, तिथेही असू शकतो.

सरांनी मान डोलावली, आणि एकदा वर पंख्याकडे बघितलं. म्हणजे लक्षात होतं त्यांच्या.